ऑडिओबुक घेताना आवाज कसा पारखायचा

ऑडिओबुक निवडताना बहुतेक जण आधी पुस्तकाचं नाव बघतात, मग लेखक, मग किती तासांचं आहे ते, आणि कोणी वाचलंय ते बघतच नाहीत. माझं म्हणणं आहे की हा क्रम उलटा करा. आधी वाचणारा बघा, मग पुस्तक. छापील पुस्तक आपण आपल्या चालीने वाचतो, कंटाळा आला की दोन पानं उडवतो, आवडलं की तिथेच थांबून परत वाचतो. ऐकताना हे सगळं दुसऱ्याच्या हातात जातं, कुठे थांबायचं, कुठल्या शब्दावर जोर द्यायचा, कुठलं वाक्य हळू न्यायचं, सगळं तो ठरवतो, आणि असा माणूस दहा-अकरा तास आपल्या कानात असणार आहे. चांगलं पुस्तक वाईट आवाजात मी तरी पूर्ण ऐकू शकत नाही, आणि अगदी साधं पुस्तक चांगल्या आवाजात मी आनंदाने संपवते.

मी नाशिकला राहते, इंदिरानगरहून अंबडला कामाला जाते, जाता-येता बसमध्ये, घरी स्वयंपाक करताना आणि सकाळी चालताना ऐकणं चालूच असतं. ऑफिसमध्ये आणि नात्यात आता सगळे मला विचारतात की कुठलं ऐकू, कुठून सुरू करू, म्हणून एकदाच नीट लिहून ठेवते.

आधी काय प्रकार आहे ते बघा

मराठीत ऐकण्याची सवय नवीन नाही. कीर्तन आहे, चातुर्मासात पोथी वाचणं आहे, आकाशवाणीची नभोनाट्यं आहेत, आणि आपल्या नाशकात तर मे महिन्यात गोदाघाटावर वसंत व्याख्यानमालेला लोक जमिनीवर बसून तासतासभर ऐकतात. पण यातला प्रत्येक प्रकार वेगळा आहे आणि अ‍ॅपवर सगळंच 'ऑडिओबुक' म्हणून एका रांगेत येतं, तिथे गोंधळ होतो.

कथाकथन म्हणजे समोर प्रेक्षक बसलेत, हशा येतोय, सांगणारा त्यांच्याकडे बघून वाक्य लांबवतो किंवा तोडतो. शंकर पाटील, द. मा. मिरासदार, व्यंकटेश माडगूळकर यांनी गावोगाव हेच केलं. अभिवाचन म्हणजे हातात संहिता आहे, शब्द बदलायचे नाहीत पण आवाजाने पात्रं उभी करायची. नभोनाट्यात अनेक आवाज, दाराचा आवाज, पाऊस, घोडे सगळं येतं. आणि साधं वाचन म्हणजे एक माणूस पुस्तक वाचून दाखवतोय, बास. कादंबरीसाठी मला हे शेवटचंच आवडतं, थोडं अभिवाचनाकडे झुकलेलं. कथाकथनाच्या जोशात अकरा तासांची कादंबरी वाचली तर दुसऱ्या तासाला डोकं दुखायला लागतं, कारण तो जोश पाऊण तासाच्या कार्यक्रमासाठी असतो. त्यामुळे वर्णनात 'नाट्यरूपांतर', 'श्राव्य मालिका' असं काही लिहिलंय का ते वाचा, तसं असेल तर पुस्तकाचा मजकूर जसाच्या तसा मिळेलच असं नाही.

सँपल कसं ऐकायचं

सँपल बहुतेक वेळा पुस्तकाच्या सुरुवातीचं असतं, आणि सुरुवात सगळेच छान वाचतात, घसा ताजा असतो, तयारी केलेली असते. खरी परीक्षा मध्ये असते. सबस्क्रिप्शनवालं अ‍ॅप असेल तर सरळ सहाव्या-सातव्या प्रकरणावर जा, जिथे दोघं-तिघं बोलतायत असा भाग शोधा आणि दहा मिनिटं ऐका. तिथे जो टिकला तो पुस्तकभर टिकतो.

आणि जिथे ऐकणार आहात तिथेच सँपल ऐका. रात्री शांत खोलीत इअरफोन लावून जो खोल, हळू, कुजबुजता आवाज फार भारी वाटतो तो द्वारकेच्या चौकात बस उभी असताना गायब होतो, मग आपण व्हॉल्यूम वाढवत राहतो. स्वयंपाकघरात ऐकणार असाल तर एक्झॉस्ट फॅन चालू करून बघा. काही आवाज गोंगाटातसुद्धा स्पष्ट येतात, ते मोठ्याने बोलतात म्हणून नाही, त्यांचे शब्दांचे शेवट स्वच्छ असतात म्हणून.

आता ऐकताना नेमकं काय पकडायचं. पहिलं म्हणजे वाक्याचा शेवट. खूप नॅरेटर प्रत्येक वाक्य एकाच सुरात खाली आणून टेकवतात, बातम्या वाचल्यासारखं. पहिली पाच मिनिटं ते व्यवस्थित वाटतं, एक तास झाला की त्या चालीची गुंगी येते आणि अर्थ डोक्यात शिरतच नाही. समजा पुस्तकात असं आहे, 'दार उघडंच होतं. ती आत आली, काहीच बोलली नाही.' एक नॅरेटर 'आत आली' नंतर अगदी एवढासा थांबतो आणि 'काहीच बोलली नाही' साध्या आवाजात सोडून देतो, आपल्याला कळतं की काहीतरी बिनसलंय. दुसरा 'काहीच' वर एवढा जोर देतो की आता खून होणार असं वाटतं. तिसरा तिन्ही तुकडे सारख्याच चालीत वाचून पुढे जातो. मला पहिला हवा. आपल्याला काय वाटायला हवं ते तो ओरडून सांगत नाही, आपल्यासाठी जागा ठेवतो.

दुसरं म्हणजे संवाद. पुरुष नॅरेटरने बाईचं बोलणं आलं की आवाज बारीक करून नाकात बोलायचं आणि बाई नॅरेटरने पुरुषाचं आलं की घसा दाबून घोगरं करायचं, हे मला अजिबात चालत नाही. प्रत्येक बाई मग एकसारखी लाडिक होते. जे खरंच चांगले आहेत ते आवाज बदलतच नाहीत फारसा, चाल बदलतात. म्हातारी असेल तर जरा थांबत बोलेल, वकील असेल तर वाक्य सलग आणि पटपट, भेदरलेला पोरगा असेल तर शब्दाआधी श्वास. डोळे मिटून कोण बोलतंय ते कळलं पाहिजे, 'तो म्हणाला' यायच्या आधीच.

तिसरं, आणि याबाबतीत मी फार कडक आहे, उच्चार. आपल्या च आणि ज चे दोन दोन उच्चार आहेत. 'चार माणसं' मधला च वेगळा आणि गुरांचा 'चारा' मधला वेगळा. 'जरा थांब' मधला ज वेगळा आणि म्हातारपण या अर्थाच्या 'जरा' मधला वेगळा. लिहिताना सारखंच दिसतं, त्यामुळे ज्याच्या कानावर लहानपणापासून मराठी पडलेलं नाही तो इथे हमखास सापडतो. तसंच 'ज्ञान' ला 'ग्यान' म्हणणं, ळ चा ल करणं, 'सिंह' आणि 'संशय' मधला अनुस्वार हिंदीसारखा वाचणं. एखाददुसरं चालून जातं, पण अकरा तासांत शेकडो वेळा ते टोचणार आहे हे लक्षात घ्या. सँपलमध्ये दोनदा टोचलं तर पुस्तक सोडा.

यातच गावाकडची बोली येते. शहरी नॅरेटर एकच 'गावरान' शिकून घेतात आणि सगळ्या महाराष्ट्राला तेच लावतात. कोल्हापूरचा पैलवान, निफाडचा शेतकरी, सटाण्याची आजी, सगळे एकाच सुरात 'व्हय जी' करतात. आपल्याकडे सटाणा-कळवण-मालेगाव भागात अहिराणी बोलतात, तिथला माणूस 'काय करी ऱ्हायना' म्हणेल, त्याचा हेल अगदी वेगळा. नॅरेटरला ती बोली येत नसेल तर त्याने साध्या आवाजात वाचावं, मला ते जास्त प्रामाणिक वाटतं. नक्कल केली की ते पात्र हसण्यावारी जातं, आणि लेखकाने ते हसण्यासाठी लिहिलेलं नसतं.

रेकॉर्डिंगकडेही कान द्या. भांड्यात बोलल्यासारखा घुमणारा आवाज, तोंडातले चटचट आवाज, प आणि भ वर माइकमध्ये आपटणारी हवा, दोन वाक्यांच्या मध्ये अचानक बदललेला आवाज, कारण ते वाक्य दुसऱ्या दिवशी रेकॉर्ड करून जोडलंय. ऑडिबल या अ‍ॅपवर एसीएक्स नावाच्या ज्या सेवेवरून पुस्तकं येतात तिचा नियमच आहे की शांततेतला आवाज उणे ६० डेसिबलच्या खाली हवा, म्हणजे वाचणारा थांबला की पंखा-ट्रॅफिक काहीच ऐकू येता कामा नये. फुकट रेकॉर्डिंगला हा नियम लावू नका, घरात गादी-रजया लावून कोणी मनापासून वाचलेलं असतं, पण पैसे देताय तर अपेक्षा ठेवाच.

मागे सतत चालणारं संगीत मला नको. प्रकरण संपल्यावर चार सेकंद सतार ठीक आहे. पण दुःखाच्या प्रसंगाखाली बासरी सुरू झाली की मी बंद करते, कारण मग वाचणाऱ्याचं काम बासरी करायला लागते आणि तो आळशी होतो.

तासांचा हिशेब

पुस्तक संक्षिप्त आहे की पूर्ण, हे घेण्याआधी बघा. लिहिलेलं नसेल तर हिशेब करा. मराठी पुस्तकाच्या एका पानावर साधारण २५० ते ३०० शब्द, आणि बरा वाचणारा मिनिटाला ११०-१३० शब्द वाचतो, म्हणजे पानाला ढोबळमानाने दोन-सव्वादोन मिनिटं. ३०० पानांचं पुस्तक दहा-अकरा तास व्हायला हवं. ते साडेचार तासांत संपत असेल तर अर्धं कापलंय. प्रवासवर्णन, आत्मचरित्र वगैरेला कापलेलं एखाद वेळेस चालतं, कादंबरीला माझ्या मते कधीच नाही.

मोबाइलमधल्या जागेचंही तसंच. ६४ केबीपीएस दर्जाच्या ऑडिओला तासाला जवळजवळ २९ एमबी लागतात, म्हणजे दहा तासांचं पुस्तक ३०० एमबीच्या आत येतं. घरच्या वायफायवर डाउनलोड करून निघा. पंचवटी एक्सप्रेसने रोज मुंबईला जाणारे हे चांगलं ओळखून आहेत, कसारा घाटात बोगदे सुरू झाले की नेट जातं आणि नेमकं तिथेच गोष्ट रंगात आलेली असते.

स्पीड

१.५ किंवा दुप्पट स्पीडला ऐकून महिन्यात अमुक पुस्तकं संपवली असं सांगणारे खूप भेटतात. माहितीचं पुस्तक असेल, शेअर बाजार, आरोग्य, तर १.२५ ठीक आहे, काही इंग्रजी नॅरेटर एवढे रेंगाळतात की १.२५ लाच ते माणसासारखे बोलतात. पण कथा-कादंबरीला १ वरच ठेवा. स्पीड वाढवला की शब्द टिकतात पण थांबे जातात, आणि नॅरेटरची निम्मी कला थांब्यात आहे. वर सांगितलं ना, 'आत आली' नंतरचा तो एवढासा थांबा, तो १.७५ ला उरतच नाही. एखादा वाचणारा तुम्हाला सारखा स्पीड वाढवायला लावत असेल तर तो तुमच्यासाठी नाही, स्पीडशी खेळत बसण्यापेक्षा दुसरं पुस्तक लावा.

आपला कान ओळखायचा सोपा मार्ग

आपल्याला कसा आवाज आवडतो हे पहिल्यांदा कोणालाच सांगता येत नाही. त्यासाठी एकच मजकूर तीन-चार वेगवेगळ्या लोकांनी वाचलेला ऐका. आणि यासाठी आपल्याकडे एक अगदी योग्य पुस्तक आहे, 'श्यामची आई'. साने गुरुजींनी ते १९३३ च्या फेब्रुवारीत इथेच, नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. गुरुजी १९५० ला गेले, आपल्या कायद्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी कॉपीराइट संपतो, त्यामुळे २०११ पासून ते कोणीही वाचून रेकॉर्ड करू शकतो. म्हणून त्याची वेगवेगळी वाचनं सहज मिळतात. शिवाय त्याची रचनाच ऐकण्याची आहे, आश्रमात रात्री श्याम गोष्ट सांगतोय आणि बाकीचे ऐकतायत, प्रकरणांची नावंच 'रात्र पहिली', 'रात्र दुसरी' अशी, एकूण बेचाळीस.

त्यातली एकच रात्र निवडा, जिथे आई आणि श्याम दोघं बोलतात अशी, आणि ती लागोपाठ तीन आवाजांत ऐका. एक जण आईचं बोलणं आलं की रडवेला होतो. एक जण बालनाट्यासारखं वाचतो. आणि एखादा सापडतो जो अगदी कोरड्या, घरगुती आवाजात वाचतो, जशी कामात असलेली आई पोराला बोलते तशी, आणि तिथे आपल्या घशात आवंढा येतो. मजकूरच एवढा हळवा असताना वाचणाऱ्याने वर आणखी हळवेपणा ओतायची गरज नसते, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला कदाचित रडवेला आवाजच आवडेल, हरकत नाही, पण मग तुम्हाला कळलं तरी की आपल्याला भावना उघड दाखवणारा आवाज हवाय, पुढची पुस्तकं निवडायला तेच उपयोगी पडतं.

इंग्रजी ऐकणारे हाच प्रयोग हॅरी पॉटरवर करतात, ब्रिटनमध्ये स्टीफन फ्राय आणि अमेरिकेत जिम डेल असे दोघांनी ते वाचलंय, आणि दोघांचे चाहते दुसऱ्याचं ऐकायला तयार नसतात.

आवडणारा नॅरेटर सापडला की अ‍ॅपमध्ये त्याच्या नावावर टॅप करा, त्याने वाचलेलं सगळं समोर येतं. मी अनेक लेखक असेच शोधलेत, ज्यांना मी दुकानात हातही लावला नसता.

कुठल्या अ‍ॅपवर

स्टोरीटेल २०१७ ला भारतात आलं तेव्हापासून मराठीत आहे, मराठी ऐकायचं असेल तर मी तिथूनच सुरुवात करायला सांगते, सबस्क्रिप्शन घेतलं की पुस्तक अर्धवट सोडून दुसरं लावायला काही वाटत नाही आणि आवाज पारखायला तेच लागतं. ऑडिबल २०१८ ला आलं, तिथे इंग्रजीचा साठा मोठा आहे. इंग्रजीतली जुनी, कॉपीराइट संपलेली पुस्तकं लिब्रिवॉक्सवर फुकट आहेत, स्वयंसेवक वाचतात, त्यामुळे एक प्रकरण अप्रतिम आणि पुढचं कसंतरी असं होऊ शकतं, 'सोलो' म्हणजे एकाच माणसाने पूर्ण वाचलेलं असेल ते निवडा. यूट्यूबवर नव्या पुस्तकांची पूर्ण वाचनं सापडतात, त्यातली बरीच परवानगी न घेता केलेली असतात. लेखक आणि प्रकाशकाने परवानगी दिल्याचं वर्णनात लिहिलं असेल तरच ऐका, नाहीतर ज्याने लिहिलं आणि ज्याने स्टुडिओत बसून रीतसर वाचलं त्या दोघांच्या पोटावर पाय येतो.

आणि यूट्यूबवर हल्ली मशीनचे आवाज फार वाढलेत. थंबनेलवर छान चित्र असतं, आवाज गुळगुळीत असतो, दोन मिनिटं फसायला होतं. ओळखायचं कसं? साल आलं की लक्ष द्या, १८५७ ला 'अठराशे सत्तावन्न' च्या ऐवजी 'एक हजार आठशे सत्तावन्न' म्हणाला की समजायचं. च-ज वर अडतो. अभंगाची ओळ आली तरी गद्यासारखी सपाट वाचतो. आणि दमत नाही, लांबलचक वाक्यानंतर माणूस श्वास घेतो, तो श्वास इथे ऐकू येत नाही किंवा भलत्याच ठिकाणी येतो. बातमी, रेसिपी यासाठी मशीन चालेल. गोष्ट माणसानेच वाचावी, कारण वाचणाऱ्याला ती कळलेली असली पाहिजे तरच ती आपल्याला कळते.

घरातल्या मोठ्यांसाठी

माझी मावशी पंचवटीत राहते, डोळ्यांमुळे तिचं वाचन बंद झालं होतं. तिला पहिलं पुस्तक लावून दिलं, मोठ्या नावाजलेल्या आवाजातलं. थोड्या वेळाने म्हणाली, "अगं, हा फार घाईत आहे गं." मी म्हटलं, "मावशी, स्पीड कमी करून देऊ?" तर म्हणे, "स्पीड नको, माणूस बदल." आणि तिचं बरोबर होतं, तो माणूस शब्द हळू म्हणत होता पण वाक्यांच्या मध्ये थांबतच नव्हता. वय झालेल्या माणसाला ऐकलेलं मनात मांडायला क्षणभर लागतो. त्यांच्यासाठी दोन वाक्यांमध्ये श्वास घेणारा वाचक शोधा, स्पीड ०.९ केलं तर आवाज नुसता लडबडतो.

इअरफोन त्यांना नको वाटतात, छोटा ब्लूटूथ स्पीकर उशाशी ठेवा. स्लीप टायमर ३० मिनिटांचा लावून द्या, नाहीतर झोप लागते आणि सकाळी कुठवर ऐकलं ते सापडत नाही. होम स्क्रीनवर एकच अ‍ॅप ठेवा आणि 'हे त्रिकोणाचं बटण दाबायचं' एवढंच शिकवा. पहिलं पुस्तक त्यांनी तरुणपणी वाचलेलं निवडा, म्हणजे मध्ये डुलकी लागली तरी धागा तुटत नाही.

ज्यांना अजिबात दिसत नाही त्यांच्यासाठी वेगळी आणि चांगली सोय आहे. २०१६ मध्ये सुरू झालेलं सुगम्य पुस्तकालय ऑनलाइन आहे, तिथे दृष्टिबाधितांना सुलभ स्वरूपातली पुस्तकं मिळतात, मराठीसुद्धा. २०१२ मध्ये कॉपीराइट कायद्यात झालेल्या बदलामुळे अशा वाचकांसाठी पुस्तक ऑडिओत आणायला वेगळी परवानगी लागत नाही. आणि आपल्याकडे सातपूरला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंडच्या महाराष्ट्र युनिटचं ऑफिस आहे, घरात कोणी असेल तर तिथे जाऊन विचारा. डेझी हा न दिसणाऱ्यांसाठीच्या ऑडिओ पुस्तकांचा फॉरमॅट आहे, त्यात प्रकरण, पान असं उडी मारून जाता येतं, साध्या ऑडिओत असं हव्या त्या पानावर जाता येत नाही, शिकणाऱ्या मुलांना याचा फार उपयोग.

चारचौघांत ऐकायचं असेल तर

माझ्या मामेभावाची दिंडोरीकडे द्राक्षबाग आहे. मण्यांची विरळणी चालू असते तेव्हा बायका हातात कात्री घेऊन तासनतास वेलीखाली उभ्या, पूर्वी मोबाइलवर गाणी लागायची, आता कथा लागतात. मी गेले तेव्हा एक ताई लांबून ओरडली, "दादा, ती कालची सासूबाईची लावा ना, अर्धी राहिली." तिथे काय चालतं ते बघण्यासारखं होतं. वीस-पंचवीस मिनिटांची कथा, खणखणीत आवाज, पात्रं कमी, आणि थोडा कथाकथनाचा बाज. घरी मला जो जोश जास्त वाटतो तोच उघड्यावर बरोबर बसतो, कारण आवाज पानांतून, वाऱ्यातून जायचा असतो आणि मध्येच कोणीतरी हसतं, बोलतं. 'मी' म्हणून आतल्या आत बोलणारी कादंबरी तिथे लावली तर पाच मिनिटांत गाणी परत सुरू होतील. घरात सगळे मिळून ऐकणार असाल, कारमधून वणी-सापुतारा चालला असाल, तरी हाच हिशेब लावा.

चालताना, कृषीनगरच्या ट्रॅकवर किंवा गोल्फ क्लबला, मी निबंध आणि आठवणींची पुस्तकं ऐकते, एका फेरीत एक तुकडा होतो. खूप नावं असलेला इतिहास चालताना नको, तो घरी, शेजारी कागद ठेवून, किंवा सार्वजनिक वाचनालयातून छापील प्रत आणून. आपलं हे वाचनालय, सावाना, १८४० पासूनचं आहे, तिथे जुनं काय काय मिळतं, आणि एकदा ऐकून मग तेच पान डोळ्यांनी बघण्यात वेगळीच मजा आहे. गाडी चालवताना दोन्ही कानांत इअरफोन घालून ऐकू नका, हेल्मेटच्या आत तर नाहीच, मुंबई नाक्यावर मागून येणारा ट्रक ऐकू आला पाहिजे. आणि व्हॉल्यूमचं भान ठेवा, जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्यांसाठी ८० डेसिबलला आठवड्याला ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे, बसमधला गोंगाट हरवायच्या नादात ती सहज ओलांडते.

इंग्रजी मीडियमची मुलं

हे मला सगळ्यात मनापासून सांगायचंय. आपल्या घरांतली मुलं मराठी बोलतात, पण पुस्तक दिलं की अक्षर अक्षर लावत वाचतात आणि दोन पानांत सोडून देतात. त्यांना पुस्तक हातात देऊन सोबत ऑडिओ लावा. कान पुढे जातो, डोळे त्याच्या मागे ओळीवर फिरतात, जोडाक्षरं आपोआप ओळखीची होतात. यासाठी नॅरेटर असा हवा जो मजकूर जसाच्या तसा वाचतो. काही जण छापील 'गेले, केले' चं बोलताना 'गेलं, केलं' करतात, एरवी मला ते आवडतं, पण मूल बोट ठेवून बघत असेल तर ते गोंधळतं. आधी पाच मिनिटं तुम्ही स्वतः पुस्तक उघडून ताडून बघा. मुलांसाठी म्हणून आवाज काढणारे, मांजर-उंदीर करणारे टाळा, आठ वर्षांच्या पुढच्या मुलांना तो आवाज आपल्याला लहान समजतोय हे लगेच कळतं. पंधरा मिनिटं पुरे, आणि शक्यतो तुम्हीही शेजारी बसून ऐका, म्हणजे 'आई, ओसरी म्हणजे काय' हे तिथल्या तिथे विचारता येतं.

ऐकून झाल्यावर

रिव्ह्यू लिहा, आणि त्यात वाचणाऱ्याचं नाव घ्या. ऑडिबलवर कथेला वेगळे आणि वाचनाला वेगळे स्टार देता येतात, ते वेगळेच द्या, कथा आवडली नाही म्हणून वाचणाऱ्याचे स्टार कापू नका. बाकी ठिकाणी एक-दोन ओळी पुरतात, पण नुसतं 'छान आवाज' लिहू नका, काय छान ते लिहा, 'म्हाताऱ्याचे संवाद सुंदर', 'च-ज अगदी स्वच्छ', 'दुसऱ्या भागात घुमतंय' असं. पुढचा ऐकणारा सँपलच्या आधी तेच वाचतो. आणि मराठीत हे काम करणारे बरेच जण नाटकातून, आकाशवाणीवरून आलेले आहेत, त्यांनी बंद खोलीत एकट्याने वाचलेलं असतं, समोर हशा नाही, टाळी नाही, तुमच्या त्या दोन ओळींतूनच त्यांना कळतं की कोणीतरी शेवटपर्यंत ऐकलं.